पायाळूची टाच

पौषातलं धुकं वालाच्या शेतांवर असं दाटून बसलं होतं, की बांध कुठला आणि पाट कुठला ते उमगत नव्हतं. पत्र्यावरून दंव ठिबकत होतं. हमरापुरातल्या गणपतीच्या कारखान्यांची शटरं अजून खालीच होती, पण घराघरांतून धूर निघायला लागला होता. रंभा अंथरुणात उठून बसली होती. पाणी तापवायचं होतं, अंगण झाडायचं होतं, भाकऱ्या थापून दोन डबे भरायचे होते. पण या सगळ्याच्या आधी एक काम होतं, आणि गेले पाच महिने रोज सकाळी तिला त्याच कामाची धास्ती वाटत होती. जमिनीवर पाय टेकायचा होता.

तिनं आधी डावा पाय खाली सोडला. मग उजवा. टाच फरशीला लागली मात्र, खालून कुणी खिळा ठोकावा तशी कळ पोटरीपर्यंत चढली. रंभानं दात आवळून एक शिवी हासडली. कुणाला, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. चवड्यावर भार देत, भिंतीला धरून ती चुलीपाशी गेली. पंचवीस-तीस पावलं झाली की कळ जरा मागं सरायची. ही त्या दुखण्याची लबाडी. घरातली माणसं तिच्याकडे बघायला लागेपर्यंत ती बरी चालायला लागलेली असायची. मग सासू म्हणायची, "दुखतंय दुखतंय करतेस, चालतेस तर घोडीसारखी."

चूल पेटते न पेटते तोच ओटीवरून कण्हल्याचा आवाज आला. शेजारचा जनू कमरेत मोडल्यासारखा खांबाला धरून उभा होता. सासूनं, सीताबाईनं, त्याच्यासाठी गोणपाट अंथरूनही ठेवलं होतं.

"रंभे, जनूला उसण भरलीय. पाच लाथा दे नि मोकळा कर त्याला."

"माझी टाच ठणकतेय, आत्याबाई."

"मग डाव्या पायानं दे."

"डाव्यानं द्यायला उजव्यावर उभं ऱ्हावं लागतं. का उडत देऊ?"

"नुसता अंगठा लाव गो वहिनी," जनू पालथा पडत म्हणाला. "सकाळपासून शिंक दाबून धरलीय मी."

रंभानं दाराची चौकट धरली, दुखऱ्या टाचेवर सगळा देह तोलला आणि डाव्या पायानं जनूच्या कमरेत पाच वेळा हलकेच मारलं. पाचव्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. जनू उठला, कंबर चाचपली, म्हणाला, "उतरली बघ," आणि सरळ चालत गेला. रंभा चौकट धरून तिथंच उभी राहिली. तिच्या टाचेचं काय झालं, ते कुणी विचारलं नाही.

रंभा पायाळू होती. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेली. अशा माणसाचा पाय लागला की पाठीतली उसण उतरते, असं सगळा मुलूख मानतो. रोह्याजवळच्या वरशात ती जन्मली तेव्हा आई दीड दिवस अडून होती. त्या बाळंतपणानंतर आई पुन्हा कधी धड उभी राहिली नाही, पण ते कुणी सांगत नाही. सांगतात ते पोरीच्या पायांचं. ती चार वर्षांची असल्यापासून मोठमोठे बाप्ये तिच्यापुढे पालथे पडायला लागले. आणि त्याच माणसांनी पावसाळ्यात आभाळ गडगडलं की आपली पोरं तिच्यापासून ओढून नेली, कारण पायाळूवर वीज पडते असंही तो मुलूख मानतो. शाळेच्या पडवीत अख्खा वर्ग एका कोपऱ्यात आणि रंभा एकटी दुसऱ्या, असं तिनं कितीतरी वेळा सोसलं. गरज पडली की पायाखाली झोपायचं, आणि वीज चमकली की पाठ फिरवायची.

लग्नही पायांनीच जमवलं. सासऱ्याची कंबर कायमची धरलेली. सीताबाई मुलगी बघायला वरशाला आली तेव्हा तिनं पोरीच्या तोंडाकडे बघितलंच नाही. म्हणाली, "पाय दाखव गो." पाय बघून पसंती झाली. सासरी आल्यावर पहिल्याच दिवशी सीताबाईनं तिच्या नव्या चपला उचलून शेजारणीच्या पोरीला देऊन टाकल्या. पायाळूच्या पायात वहाण आली की गुण आटतो, असं तिचं म्हणणं. सासरा गेला, त्याची कंबर त्याच्याबरोबर गेली, पण नेम राहिला. सव्वीस वर्षं रंभा अनवाणी चालली. खडीवरून, चिखलातून, मे महिन्यातल्या डांबरावरून.

त्यातली बावीस वर्षं ती हैबतराव शेठच्या गणपतीच्या कारखान्यात होती. साच्यातून निघालेल्या मूर्तीचे जोड पॉलिश पेपरनं घासायचे, मग अंगाचा रंग द्यायचा. छोट्या मूर्ती बसून होतात, पण तीन-चार फुटी मूर्तींना माणूस उभंच लागतं. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत, खाली सिमेंटचा कोबा. आणि तिथंही दारावर पाटी: चपला बाहेर काढाव्यात. शेठ म्हणायचा, "देवाचं घर हाय हे." बाकीच्या बाया निदान येता-जाता तरी पायात घालायच्या. रंभाच्या पायाला चोवीस तासांत एकदाही मऊ काही लागत नव्हतं.

गेल्या गणपतीच्या गडबडीत टाच दुखायला लागली. शेवटचे पंधरा दिवस सगळे बारा-बारा तास उभे होते. गणपती गेले की बसेल म्हणून तिनं सोसलं. गणपती गेले, टाच काही बसली नाही.

मग इलाज सुरू झाले. सीताबाईनं वीट तापवली, तिच्यावर रुईचं पान ठेवलं नि रंभाची टाच त्यावर दाबून धरली. आठ दिवस तेच. टाचेचं सालटं निघालं, आतली कळ जागची हलली नाही. नवरा मोरू मूर्तींचा टेम्पो चालवायचा. तो तिला पेणला एका डॉक्टरकडे घेऊन गेला. त्यानं फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि टाचेच्या हाडाला फुटलेलं एक टोक दाखवलं. "काटा वाढलाय," म्हणाला, आणि टाचेत सुई मारली. सुईच्या वेळी रंभानं टेबलाची कड अशी धरली की नख मोडलं. तीन आठवडे बरं वाटलं. चौथ्या आठवड्यात पुन्हा सकाळचा खिळा. त्या तीन आठवड्यांत ती कोब्यावर अनवाणीच उभी होती, पण उभी कशावर असतेस हे त्या डॉक्टरनं विचारलं नव्हतं, आणि आपण होऊन सांगावं असं ते काही आहे, हे तिलाही सुचलं नव्हतं.

जनू सरळ चालत गेला त्याच दिवशी सीताबाईला दुखण्याचं मूळ सापडलं.

"मला कळलं," रात्रीच्या जेवणाला ती म्हणाली. "चाळीस वर्षं हिनं लोकांच्या उसणी काढल्या. त्या जातील कुठं? हिच्या टाचेत उतरल्यात."

"मग आता?" मोरू म्हणाला.

"मग काय? पायाळूची उसण पायाळूच काढणार. कोलाडच्या पुढं गुणाजी म्हातारा हाय. त्याची लाथ घ्यायची टाचेवर."

मोरूनं रंभाकडे बघितलं. रंभानं भाताचा घास तोंडात तसाच धरला होता. तिला हे खुळं वाटलं, पण सकाळच्या त्या पहिल्या पावलाच्या बदल्यात तिनं तेव्हा काहीही केलं असतं.

रविवारी टेम्पो निघाला. हायवे वर्षानुवर्षं खणून ठेवलेला. प्रत्येक खड्ड्याला टाच आपली हजेरी लावत होती. गुणाजी आपल्या घरापुढं आंब्याखाली बसला होता, ऐंशीच्या पुढचा, कातडं सुरकुतलेलं पण पाठ ताठ. रंभाची नजर त्याच्या पायांवर गेली आणि तिथंच थांबली. त्याच्या पायांत टायरच्या तळाच्या जाडजूड वहाणा होत्या.

"बाबा, तुम्ही पायाळू ना?"

"व्हय."

"मग पायात वहाणा कशा?"

म्हातारा हसला. दोनच दात होते. "काटा काय पायाळू बघून टोचायचा ऱ्हातो गो?"

"गुण जात नाय?"

"गेला असता तर बरं झालं असतं. एक दिवस सकाळचा चाय गरम प्यायला मिळाला असता."

रंभानं मान वळवून सासूकडे बघितलं. सीताबाई आंब्याच्या शेंड्याकडे बघायला लागली होती.

त्याच क्षणी रंभानं उठून यायला हवं होतं. पण एवढ्या लांब आलो, म्हातारं माणूस तयार झालंय, मोरूची रविवारची सुट्टी गेलीय, असं काहीबाही मनात येऊन ती पालथी पडली. गुणाजीनं उजवी वहाण काढली, सगळ्या ताकदीनिशी पाय उचलला आणि तिच्या टाचेच्या बरोबर मधोमध आपली टाच हाणली. हाडावर हाड आपटल्याचा आवाज मोरूला टेम्पोपाशी ऐकू गेला. रंभा ओरडली नाही. तिनं मुठीत माती आवळली आणि तोंड मातीत खुपसलं.

"अजून चार," सीताबाई म्हणाली.

"एक जरी मारली," रंभा मातीतूनच म्हणाली, "तर मी त्यांचा पाय धरून चावंन."

परत टेम्पोत बसवायला तिला उचलावं लागलं. मोरूचा चेहरा उतरला होता. त्यानं आईला न विचारता वरशाला फोन लावला. रंभाची धाकटी बहीण सरू तिथं राहायची, तिचा नवरा कंपनीत शिफ्टला. सरूनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "भावजी, टाच दुखते म्हणून टाचेवर लाथ? डोकं दुखलं असतं तर काय केलं असतंत?"

दुसऱ्या दिवशी रोह्याला सरूनं तिला ज्या डॉक्टरणीकडे नेलं तिचा दवाखाना बाजारात माडीवर होता. अठरा पायऱ्या. "टाचांची डॉक्टरीण, आणि बसलीय माडीवर," रंभा कठडा धरून फणफणली. डॉक्टरीण फरझाना, तिशीतली, व्यायामानं दुखणी बरी करणारी. तिचे अब्बा आखातात होते; तिथून त्यांनी धाडलेलं घड्याळ भिंतीवर टिकटिकत होतं. तिनं औषध काढलं नाही, सुई काढली नाही. आधी पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्यानं टाचेच्या आतल्या कडेला दाबलं. बरोबर तिथंच. रंभानं पाय झटकला.

"सकाळी पहिलं पाऊल टाकताना सगळ्यात जास्त? मग चाललं की कमी? बसून परत उठलं की पुन्हा?"

रंभा बघतच राहिली. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विश्वासच ठेवला नसता.

"लोकांच्या उसणी उतरल्यात म्हणतात टाचेत. काल त्याच्यावर लाथ पण घेतली," ती जरा दबकत म्हणाली.

फरझाना हसली नाही. "मावशी, दिवसाचे किती तास उभ्या असता?"

"नऊ."

"कशावर?"

"कोब्यावर."

"पायात काय?"

"काय नाय."

"किती वर्षं?"

"बावीस."

फरझानानं हातातलं पेन खाली ठेवलं. "मग उसणीला कशाला बोल लावताय?"

तिनं आपल्या ओढणीचा पीळ केला, एक टोक रंभाच्या टाचेला लावलं, दुसरं बोटांच्या मुळाशी. "पायाच्या तळव्यात असा एक चिवट पट्टा असतो. इथून इथपर्यंत. पायाची कमान हाच धरून ठेवतो. माणूस उभा राहिला की हा ताणला जातो. तुम्ही त्याला दिवसभर ताणता, तेही दगडावर. मग तो टाचेशी उसवतो, जरा जरा. रात्री झोपलात की तो आखडतो, उसवलेलं सांधायला बघतो. आणि सकाळी तुम्ही धाडकन उभ्या राहता. सांधलेलं परत उसवतं. रोज."

"आणि तो काटा? फोटोत दिसला तो? त्याच्यासाठीच सुई मारलेली."

"तो काटा कितीतरी लोकांच्या टाचेत असतो, त्यांना पत्ताही नसतो. दुखतंय ते बहुतेक काट्यानं नाही. त्या सुईनं थोडे दिवस बरं वाटतं, पण सारख्या घेऊ नका, पट्टाच कमजोर होतो. आणि आता लाथ लागलीय, तर आठवडाभर टाचेला आराम द्या. पाण्याची बाटली बर्फासारखी गार करून तिच्यावर तळवा फिरवा."

मग तिनं करून दाखवलं. सकाळी अंथरुणातून उतरण्याआधी पाय लांब करून बोटांत पदर अडकवायचा आणि बोटं आपल्याकडे ओढून धरायची, दहा वेळा. मग भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागं ठेवून, टाच न उचलता पोटरी ताणायची. दिवसातून तीनदा. "आणि पायात जाड मऊ तळाची चप्पल, टाचेकडे जरा उंच. घरात, दारात, कारखान्यात. अनवाणी एक पाऊलही नाही. साखर एकदा तपासून घ्या. हळूहळू जाईल, मावशी. महिने लागतील, पण दहातल्या नऊजणांचं जातं."

"आणि कारखान्यात चप्पल नाय घालू दिली तर?"

"मग मी सांगितलेलं सगळं रोज सकाळी करायचं आणि रोज दिवसभर पुसून टाकायचं. वर्षभरात तुम्ही उभ्या राहू शकणार नाही."

पायऱ्या उतरताना रंभाला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. सगळ्यांनी तिचं दुखणं कुठून कुठून शोधून काढलं, जन्मातून, लोकांच्या पाठींतून, हाडातल्या काट्यातून. खाली बघितलं नाही कुणीच. आणि कुणीच म्हणजे तीसुद्धा.

सरूनं रोह्याच्या बाजारातून तिला जाड तळाच्या करड्या चपला घेऊन दिल्या. पंचेचाळिसाव्या वर्षी रंभाला चपलेत चालायचं पुन्हा शिकावं लागलं. पहिल्या दिवशी ती बदकासारखी चालली आणि सरू हसून हसून बाकड्यावर बसली.

घरी सीताबाईनं चपला बघितल्या मात्र, ओटीवरून आवाज लावला. "माझ्या घरात पायाळूच्या पायात वहाण? गुण जाईल घरातला."

"गुणाजीचा कुठं गेला?"

"तो बाप्या हाय."

"टाच बाप्याला आणि बाईला येगळी असते काय, आत्याबाई?"

"लोक काय म्हणतील?"

"लोक पालथे पडलेले असतात. त्यांना कुठं दिसतंय माझ्या पायात काय हाय ते."

मोरू खाली मान घालून जेवत होता, पण त्याला ठसका लागला. सीताबाई दोन दिवस सुनेशी बोलली नाही. रंभानं ते दोन दिवस सुखानं काढले. ओटीवर माणसं येत राहिली. ती आतून सांगायची, डॉक्टरणीनं एका पायावर उभं ऱ्हायला मना केलंय. काही जण शिव्या देत गेले, म्हणून उसण भरलेल्याला काय विचारायचं, कसं उठवायचं, ते तिनं फोनवर फरझानाकडून नीट समजून घेतलं.

सात दिवसांनी ती कामावर गेली आणि हैबतराव शेठला नीट समजावून सांगितलं. नवी कोरी चप्पल, रस्त्यावर न घातलेली, फक्त कारखान्यासाठी ठेवीन, रोज धुईन. शेठनं तिचं बोलणं संपेपर्यंतही धीर धरला नाही.

"रंभा, आज तू घालशील, उद्या सगळ्या घालतील. देवासमोर चपला? तुला पायाळू म्हणून मी मान देतो, आणि तू हे बोलतेस?"

"मग गोणपाट टाकून उभी ऱ्हाते."

"रंग सांडतो त्याच्यावर. घाण दिसते."

"घाण दिसते?"

"व्यापारी येतात बघायला."

असा दीड महिना गेला. सकाळी पदर अडकवून बोटं ओढायची, भिंतीला टेकून पोटरी ताणायची, कारखान्याच्या दारापर्यंत चपलेतून जायचं. आणि दारात चपला काढून नऊ तास कोब्यावर. सकाळचा खिळा जरा बोथट झाला होता, पण संध्याकाळी परत धार येत होती. फरझाना म्हणाली होती तसंच. विणायचं आणि उसवायचं. चार-चार फुटी मूर्तींना रंग देताना रंभा सारखा पायांवरचा भार बदलायची, रंगाची कड हलायची, आणि एकदा शेठ म्हणाला, "तुझं काम आता पहिल्यासारखं राहिलं नाय हां." ते तिनं गिळलं. कसं गिळलं ते तिलाच माहीत.

फाल्गुनातल्या एका दुपारी हैबतराव शेठ मोठा साचा सरकवायला वाकला आणि तसाच राहिला. दोघांनी धरून त्याला कोब्यावर आडवा केला. पालथा पडून तो श्वासही तुकड्यातुकड्यांनी घेत होता. बायको विमलबाई हातातली पानसुपारी टाकून धावत आली. सगळ्यांचं काम थांबलं, आणि सगळ्यांनी एकाच बाजूला बघितलं.

"रंभा," शेठ कण्हला. "पाय लाव."

रंभानं कुंचला पाण्यात ठेवला. हात पुसले. मग ती शेठकडे न जाता दाराबाहेर गेली. बाहेर मांडून ठेवलेल्या चपलांतून आपल्या करड्या चपला घातल्या आणि त्या घालूनच आत आली. कोब्यावर चपलांचा आवाज होतो हे तिथं कुणी कधी ऐकलं नव्हतं. ती शेठच्या डोक्याशी येऊन उभी राहिली. शेठला दिसत होत्या त्या फक्त चपला.

"काढ त्या," शेठ म्हणाला.

"नाय."

"देवासमोर..."

"कुठला देव, शेठ? तुम्हीच गिऱ्हाइकाला सांगता ना, भाद्रपदात भटजी मंत्र म्हणतो तवा यात देव येतो. तोवर प्लास्टर. तुटली तर पाप लागत नाय, दुसरी घेऊन जा, सांगता ना? ट्रकात भरताना पेंढ्यात उपडी घालता. गेल्या साली पावसात भिजल्या त्या फावड्यानं भरून टाकल्या, मी होते भरायला. तवा देव नव्हता. मुंबईचे व्यापारी बूट घालून इथनं तिथं फिरतात, त्यांना खुर्ची देता, चाय देता. तवा पण देव नसतो. देव येतो तो निव्वळ बायांच्या पायांशी."

"अगो, माझा जीव चाललाय, आणि तू..."

"जीव नाय चालला. उसण भरलीय. सात महिने मी तुमच्यासमोर लंगडत होते तवा तुम्ही मला काय बोललात? काम पहिल्यासारखं ऱ्हायलं नाय, बोललात."

शेठनं गाल कोब्याला टेकवला. "बरं. घाल. काय घालायचं ते घाल उद्यापासून. आता पाय लाव."

तिथं रंभा खरी भडकली. इतका वेळ आवाज चढलेला होता, तो एकदम खाली आला.

"म्हणजे लाथ दिली तर चप्पल? आणि ज्यांचा पाय पायाळू नाय त्या बायांनी काय द्यायचं? शेठ, मी पाय नाय लावणार. तुम्हालाच नाय, कुणालाच नाय. माझ्या पायात काय बी नव्हतं कधी. उसण दोन-तीन दिवसांत आपोआप सुटते, नि मी मधे लाथ मारते म्हणून नाव माझं होतं. पाय बधिर झालेत तुमचे? मुंग्या येतात?"

"नाय."

"लघवीची काही अडचण?"

"रंभा, लोक आहेत," शेठ कोब्यात बोलला.

"मग गुडघे पोटाशी घ्या. हळू. आता कुशीवर वळा. हात टेका नि हाताच्या जोरावर उठा, कंबरेच्या नाय. वैनी, तिकडनं धरा."

विमलबाईनं धरलं. शेठ घामाघूम होत बसता झाला, मग उभा. चेहरा पांढरा, पण उभा. "घरी जाऊन शेक घ्या," रंभा म्हणाली. "अंथरुणाला खिळून पडू नका, जरा जरा फिरत ऱ्हावा. दोन-चार दिवसांत नाय उतरलं तर डॉक्टर. लाथेची वाट बघू नका."

शेठ दाराकडे गेला. दारात त्याला आपल्या चपला घालायला वाकता येईना. कुणीतरी त्या पायांपुढे सरकवल्या. तो गेला. त्यानं उद्याचं काही सांगितलं नाही. कामावरून काढतो म्हणालाही नाही, राहा म्हणालाही नाही.

विमलबाई मात्र गेली नाही. पेणच्या बाजारात मिरवणारी बाई, पण रोज संध्याकाळी मूर्तींची गिनती करायला ती याच कोब्यावर दोन-तीन तास उभी असायची. तिनं रंभाच्या पायांकडे बघितलं, मग आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली घेतला.

"सकाळी उठल्यावर होतं ना गो ते? पहिल्या पावलाला?"

रंभानं तिच्याकडे बघितलं. "तुम्हाला कधीपासून?"

"दिवाळीपासून. ह्यांना सांगितलं नाय." विमलबाईनं कोब्यावर टाच घासली. "उद्या तू घालून ये. मी पण घालीन. बघू ह्ये काय बोलतात ते."

"आणि बाकीच्या?"

विमलबाई खाली पडलेली पानसुपारी उचलायला लागली. रंभानं आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "रोह्याला मिळतात. उद्या नाव लिहून आणते दुकानाचं. धुऊन वापरायच्या, रस्त्यावर नाय घालायच्या."

मैना म्हणून एक म्हातारी रंगारीण कोपऱ्यात बसून डोळ्यांची आखणी करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "माझ्या दोन्ही टाचा गेल्या दहा वर्षांमागं. मी म्हटलं म्हातारपण आलं." आणि पुढचा डोळा काढायला घेतला.

रंभाला तिचा राग आला. दहा वर्षं गप्प बसल्याचा. मग आपलीच सव्वीस वर्षं डोळ्यांपुढं आली आणि राग कुठं ठेवावा ते तिला कळेना. आज घरी गेल्यावर सीताबाईला कुणीतरी आधीच सांगितलेलं असणार, ओटीवर रामायण होणार. त्याला अजून तीन तास होते.

साच्यातून काढलेल्या दीड फुटी मूर्तींची नवी रांग फळीवर तशीच पडली होती. रंभानं पॉलिश पेपरचा तुकडा फाडला, दुमडला, पहिली मूर्ती उचलली, फुंकर मारून तिच्यावरची पूड उडवली आणि सोंडेच्या कडेचा जोड घासायला घेतला.